अक्षता गेल्या कुठे?

निवृत्त माणसाला सोसायटीची कमिटी आणि शेअर बाजार या दोन गोष्टींपासून दूर ठेवावं, असं माझं मत होतं. आता त्यात तिसरी घालतो: एव्हीसिंथ. पहिल्या दोन्हींत मित्र किंवा पैसे गमावून माणूस कधी ना कधी शहाणा होतो. एव्हीसिंथमध्ये काहीच गमवावं लागत नाही, त्यामुळे थांबायला कारणच मिळत नाही.

आमचे साडूभाऊ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि माळा आवरताना त्यांना स्वतःच्याच लग्नाची व्हीएचएस कॅसेट सापडली. लग्न १९९३ चं, कॅसेट तीन तासांची. कुणाकडून तरी चालू व्हीसीआर आणला, कॅप्चरचं कार्ड घेतलं आणि कॅसेट कॉम्प्युटरात उतरवली. त्याला तीन तास लागले. इथं कुणीही समंजस माणूस थांबला असता. पण साडूभाऊंना चित्रात मुंग्या दिसल्या, आणि मुंग्या कशा घालवायच्या हे शोधता शोधता ते स्क्रिप्टपाशी पोहोचले.

एव्हीसिंथ हे बेन रुडियाक-गूल्ड या गृहस्थांनी २००० साली सुरू केलेलं, स्क्रिप्ट लिहून व्हिडिओ सुधारायचं प्रकरण. त्यात बटणं नाहीत, सरकपट्ट्या नाहीत. नोटपॅड उघडायचं आणि एकाखाली एक ओळी लिहायच्या: ही फाइल घे, कडा काप, मुंग्या काढ, रंग सरकव, मोठं कर. गंमत अशी, की हे लिहून झाल्यावर काहीच घडत नाही. नवी फाइल तयार होत नाही. पुढे बसलेला, चित्रं आवळून नवी फाइल बांधणारा एन्कोडर, म्हणजे बहुधा एक्स२६४, जेव्हा म्हणतो ‘पाचशेवी फ्रेम पाठवा’, तेव्हा शेवटची ओळ वरच्या ओळीकडे बोट दाखवते, ती तिच्या वरचीकडे, आणि मागणी अशी चढत चढत मूळ फाइलपर्यंत जाते. मग फ्रेम प्रत्येक टेबलावर थांबत, शेरे घेत खाली येते. मागितल्याशिवाय कुणीही कामाला हात लावत नाही. ज्यांची हयात पाटबंधारे खात्यात गेली, त्यांना ही पद्धत समजावून सांगावी लागली नाही.

सुरुवातीला त्यांनी जे केलं ते सगळं बरोबर होतं, हे मला मान्य केलंच पाहिजे. आपल्याकडे रंगीत दूरदर्शन १९८२ च्या एशियाडच्या वेळी आलं ते पाल पद्धतीचं. त्यात सेकंदाला २५ फ्रेम असतात, पण प्रत्येक फ्रेम म्हणजे दोन अर्धी चित्रं. एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम, आणि दोघांच्या वेळेत सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्याचा फरक. जुन्या डब्बा टीव्हीला हे चालायचं, किंबहुना तो त्यासाठीच बनवलेला होता. आजच्या पडद्यावर मात्र दोन्ही अर्धी एकदम दिसतात आणि हार घालणाऱ्या नवरीच्या हाताला कंगव्याचे दात फुटतात. यावर क्यूटीजीएमसी नावाचा फिल्टर आहे. तो प्रत्येक अर्ध्या चित्राची राहिलेली अर्धी बाजू, मागची-पुढची चित्रं बघून, भरून काढतो आणि सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम देतो. तो हळू आहे, पण त्याच्या आसपास पोहोचणारा दुसरा फुकट उपाय मी तरी पाहिलेला नाही. फक्त आधीचं अर्धं कोणतं आणि नंतरचं कोणतं, हे त्याला नीट सांगावं लागतं. उलटं सांगितलं तर काळ पुढेमागे होतो. साडूभाऊंनी मला मुद्दाम ते उलटं करून दाखवलं. भटजी तीन पावलं पुढे, एक मागे, तीन पुढे, एक मागे असे होमाकडे येत होते, आणि एकंदर त्यांची दक्षिणा अजून ठरलेली नसावी असं वाटत होतं.

दुसरं, कडा. व्हीएचएसच्या तळाशी आठ-दहा ओळींची एक फाटकी पट्टी असते. व्हीसीआरमधलं एक हेड थांबून दुसरं वाचायला लागतं त्या जागेचा तो व्रण. पूर्वी टीव्हीच्या चौकटीत तो झाकला जायचा, म्हणून कुणाला माहीत नव्हता. तो कापायचा, आणि जड फिल्टरच्या आधीच कापायचा. जे फेकायचंच आहे ते घासूनपुसून मग फेकण्यात अर्थ नाही.

तिसरं, मोठं करणं अगदी शेवटी. मूळ चित्र ७२० बाय ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. तेच चाराला तीन हे प्रमाण राखून आजच्या टीव्हीइतकं उंच केलं तर १४४० बाय १०८०, म्हणजे १५,५५,२०० ठिपके. बरोबर पावणेचार पट. मुंग्या काढायच्या आधी चित्र मोठं केलं तर मुंग्याही पावणेचार पट मोठ्या होतात आणि कॉम्प्युटरला कामही तितकंच वाढतं. (हे प्रमाण न राखता टीव्हीभर चित्र ताणणारी माणसं घरोघरी आहेत. त्यांच्याकडे सगळं वऱ्हाड एक तृतीयांशाने सुटलेलं दिसतं, आणि त्यांना ते चालतं.)

झालं. चार-पाच ओळी. माझं प्रामाणिक मत असं, की स्क्रिप्टमधल्या पहिल्या चार-पाच ओळी चित्रासाठी असतात आणि पुढच्या चाळीस लिहिणाऱ्यासाठी. साडूभाऊ सहाव्या ओळीकडे वळले तेव्हाच मी त्यांची समजूत घालायला हवी होती. पण मला बघायची उत्सुकता होती.

सहावी ओळ मुंग्यांची. जाणकार मुंग्यांना नॉइज म्हणतात आणि त्या काढण्याला डीनॉइज. इथं एन्कोडरचा स्वभाव माहीत असायला हवा. तो प्रत्येक फ्रेम नव्याने साठवत नाही. मागच्या फ्रेमपेक्षा काय बदललं, तेवढंच टिपून ठेवतो. नवरा-नवरी पाटावर गप्प बसलेली असतील तर त्याला काम नसतं. पण व्हीएचएसच्या मुंग्या प्रत्येक फ्रेमला वेगळ्या जागी असतात, त्यामुळे त्याच्या दृष्टीने रिकाम्या अंतरपाटावर प्रचंड उलाढाल चालू असते. फाइलची बरीचशी जागा तो या उलाढालीच्या इतिवृत्तावर खर्च करतो आणि नवरीच्या चेहऱ्याला देण्यासाठी हाती काही उरत नाही. म्हणून मुंग्या काढल्या, की चित्र स्वच्छ होतं आणि फाइलही लहान होते. हे खरं आहे, आणि सगळ्या व्यसनांची सुरुवात अशा एखाद्या खऱ्या गोष्टीनेच होते.

मुंगी ओळखायची कशी? मागची फ्रेम बघा, पुढची बघा. जे दोन्हीकडे आहे ते खरं. जे फक्त एकाच फ्रेममध्ये क्षणभर दिसलं आणि गेलं, ते खोटं, पुसा. जुन्या फिल्मवरचे डाग काढायला असे फिल्टर आहेत आणि त्यांनी चांगली कामं केली आहेत. साडूभाऊंनी त्यातला एक लावला, ताकद वाढवली, रात्रभर एन्कोडिंगला ठेवलं आणि सकाळी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं.

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाट इतका शुभ्र, की विणकराला ओळख पटली नसती. ‘शुभ मंगल सावधान’ झालं, दीडशे हात वर गेले, दीडशे मुठी उघडल्या, आणि काहीही पडलं नाही. पुन्हा सावधान. पुन्हा हात, पुन्हा मुठी, पुन्हा स्वच्छ हवा. सगळं वऱ्हाड कुणाला तरी लांबून टाटा करत असल्यासारखं वाटत होतं.

‘अहो, अक्षता गेल्या कुठे?’ मेहुणीबाईंनी विचारलं.

‘नॉइजमध्ये गेल्या,’ साडूभाऊ म्हणाले.

तांदळाचा उडता दाणा, एका फ्रेममध्ये इथे, पुढच्या फ्रेममध्ये हातभर लांब. फिल्टरच्या व्याख्येप्रमाणे तो डागच. सासूबाईंना व्याख्येशी कर्तव्य नव्हतं. अक्षतांशिवाय लागलेलं लग्न त्यांनी दिवाणावर बसून डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्याचं काय करायचं ते त्या गुरुजींना विचारणार होत्या. साडूभाऊंनी मग जाणकार करतात तेच केलं. ट्रिम करून मंगलाष्टकांचा तुकडा वेगळा काढला, त्याला सौम्य फिल्टर लावला, आणि आधीचा-नंतरचा भाग पुन्हा जोडला. अक्षता परत आल्या. त्यांच्याबरोबर मुंग्याही परत आल्या. आता कोणता दाणा आशीर्वादाचा आणि कोणता टेपचा, हे सांगणं कठीण आहे, पण सासूबाईंना सगळेच चालतात. एन्कोडरला मात्र त्या मिनिटांत घाम फुटतो. उडते तांदूळ, पाऊस, कारंजं यांच्यापुढे तो नेहमीच हात टेकतो.

मुंग्या गेल्या की पुढची अडचण सुरू होते. चेहरे मेणाचे दिसायला लागतात आणि मागच्या मांडवाच्या कापडावर रंगांच्या पायऱ्या पडतात. आठ बिटांमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फार तर २५६ छटांचीच सोय असते. मुंग्या होत्या तोवर त्यांच्या गोंधळात त्या पायऱ्या झाकल्या जात होत्या. आता यावर उपाय काय? चित्रात बारीक दाणे मिसळायचे. होय, कॅसेटमधले काढून नवे घालायचे. त्यासाठीही फिल्टर आहेत आणि ते घालावेत असं भले भले लोक सांगतात. मग एन्कोडर ते नवे दाणे खाऊन टाकतो, म्हणून त्याला ‘दाण्यांना हात लावू नकोस’ अशी वेगळी सूचना द्यायची, आणि त्या सूचनेपायी फाइल पुन्हा पहिल्याएवढी मोठी होते. जुन्या मुंग्यांच्या जागी नव्या मुंग्या बसवून जेव्हा फाइल मूळ आकाराला पोहोचली, तेव्हा साडूभाऊंच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते त्यांच्या धरणाच्या कामावरही मी पाहिलं नव्हतं.

आता वेग. तीन तासांच्या कॅसेटच्या ५० च्या हिशेबाने ५,४०,००० फ्रेम होतात. स्क्रिप्ट सेकंदाला दहा फ्रेम देत असेल तर पंधरा तास. म्हणून या मंडळींची नजर चित्रावर नसते, खालच्या आकड्यावर असते. १२.४ चे १२.९ झाले की घरात चहा होतो. आणि या खटपटीत शिकण्यासारखं पुष्कळ आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. एन्कोडिंग हळू चाललंय म्हणून लोक एन्कोडरला दोष देतात, तो मात्र बिचारा फ्रेमची वाट बघत बसलेला असतो. आधी स्क्रिप्ट एकटीच पळवून मोजायची, मग कळतं खोळंबा कुठे आहे. शेजारच्या किती फ्रेम तपासायच्या, तो आकडा एकाने कमी केला तर वेळ दणकून वाचतो आणि डोळ्याला फरक सहसा कळत नाही. हालचाल शोधायचे चौकोन ८ चे १६ केले, की तेच. प्रीफेचमध्ये धागे वाढवले की वेग वाढतो, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे सगळे धागे मेमरीसाठी भांडायला लागतात आणि वेग उतरतो. आणि दोन फेऱ्यांचं एन्कोडिंग लावलं, तर ही सगळी स्क्रिप्ट दोनदा धावते. त्यापेक्षा एकदाच ती चालवून निकाल काहीही न गमावणाऱ्या कोडेकमध्ये डिस्कवर ठेवावा, आणि एन्कोडिंगचे प्रयोग त्यावर करावेत. असा हफीयूव्ही नावाचा कोडेकही त्याच रुडियाक-गूल्ड यांनी लिहिला. रोगही त्यांचा आणि औषधही त्यांचंच.

प्रयोग अर्थातच पूर्ण कॅसेटवर करत नाहीत. दहा सेकंदांचा नमुना घ्यायचा आणि त्यावर आकडे बदलत बसायचं. साडूभाऊंनी नमुना घेतला सप्तपदीचा, कारण तिथे हालचाल आहे, होमाचा धूर आहे, आणि शालूचा लाल रंग आहे. व्हीएचएसमध्ये रंगाची बारकाई चित्रापेक्षा कितीतरी कमी असते, त्यामुळे शालूचा लाल शालूत राहत नाही, भटजींच्या उपरण्यावर ओघळतो. दहा सेकंदांत चार पावलं होतात. ती चार पावलं आमच्या सगळ्या कुटुंबाने इतक्या वेळा पाहिली आहेत, की धाकटी नात डोळे मिटून ती चालून दाखवते. पाचवं पाऊल मात्र कुणी पाहिलेलं नाही. तांत्रिकदृष्ट्या साडूभाऊंचं लग्न अद्याप लागायचं आहे.

एक्स२६४ मध्ये वेगाच्या दहा पायऱ्या आहेत. पहिली अतिवेगवान, मग हळूहळू करत ‘फारच हळू’, आणि त्याच्याही खाली दहावी. तिचं नाव लिहिणाऱ्यांनीच ‘प्लॅसिबो’ ठेवलं आहे. डॉक्टर पेशंटच्या समाधानासाठी देतात ती नुसती साखरेची गोळी. म्हणजे कारखानदारानेच बाटलीवर छापलंय की यात औषध नाही. तरीही ती लोक घेतात, आणि साडूभाऊंनी तर उपाशीपोटी घेतली. आधी घरातला पंखा कॉम्प्युटरकडे वळवला गेला. पुढे भर उन्हाळ्यात एका दुपारी वीज गेली, आणि एमपी४ फाइलची अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी लिहिली जाते ही माहिती आमच्या ज्ञानात पडली. अनुक्रमणिका नसलेली एमपी४ उघडतच नाही. एमकेव्ही असती तर निदान वीज जाईपर्यंतचं लग्न मिळालं असतं.

मग मोजमाप आलं. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये खुलं केलेलं व्हीमॅफ म्हणून एक माप आहे. ते मूळ चित्र आणि एन्कोड केलेलं चित्र ताडून शंभरपैकी गुण देतं. साडूभाऊंनी इतक्या कष्टाने धुतलेल्या चित्राला जुन्या कॅसेटच्या तुलनेत कमी गुण पडले, आणि न धुतलेल्याला भरपूर. साहजिक आहे. ते माप विचारतं मुळाशी किती इमान राखलं, आणि मूळ तर मुंग्यांचंच होतं. शिवाय एक्स२६४ मध्ये एक सोय अशी आहे, की डोळ्याला बरं दिसावं म्हणून ती जुन्या मापांचे आकडे मुद्दाम बिघडवते. एवढं कळल्यावर माणसाने आकडे सोडून डोळ्यावर यावं. साडूभाऊ डोळ्यावर आले, पण चारशे टक्के मोठं करून. काकूंच्या कानाच्या कडेची एक चौकट डाव्या बाजूला, तीच चौकट उजव्या बाजूला, आणि मला विचारायचे, ‘डावं की उजवं?’ मी प्रत्येक वेळी ‘डावं’ म्हणायचो. त्यांनी माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवून बरेच निर्णय घेतले आहेत.

या सगळ्यात वेगाची सगळ्यात उत्तम सूचना केली ती मेहुणीबाईंनी. ‘पंगत काढून टाका ना. एक तास वाचेल.’ जेवणाच्या पंगतीवर त्या काळचे व्हिडिओवाले हॅलोजन घेऊन तुटून पडत. घास तोंडाशी नेलेला प्रत्येक माणूस डोळे मिचकावत, अर्धा वरण-भात लपवत कॅमेऱ्याकडे बघतो आहे, असा तासभराचा कार्यक्रम. ट्रिमची एक ओळ लिहिली की एन्कोडिंगचे पाच तास कमी. कुठल्याही फिल्टरला न जमणारा वेग. पण घराण्यातले सगळे दिवंगत काका-मामा त्या पंगतीतच आहेत, आणि ते काढायचं धाडस कुणाला झालं नाही. तो तास आहे तसाच आहे, हॅलोजनसकट.

भाच्याने मध्येच एआयचा प्रयोग केला. त्या कार्यक्रमाने सगळ्यांना नवे दात, नव्या पापण्या दिल्या आणि आत्याबाईंच्या नथीच्या जागी आकडेबाज मिशी काढली. टेपवर जे नव्हतं ते त्याने आपल्या मनाने भरलं होतं. साडूभाऊ त्या दिवशी रागाने जेवले नाहीत. मुंगी पुसणं वेगळं आणि मिशी लावणं वेगळं, हा त्यांचा मुद्दा मला पटतो.

शेवटी दिवाळीत पाडव्याला पूर्ण लग्न, सातही पावलांसकट, टीव्हीवर लागलं. बघायला तीन पिढ्या. नवरा-नवरीकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. आहेराचं टेबल आलं तशा सासूबाई दिवाणावरून पुढे सरकल्या.

‘जावईबापू, तिथंच थांबवा. ती समई दिसतेय ना, तिच्या बैठकीवर नाव घातलेलं आहे. वाचा बघू. मी म्हणतेय सोलापूरच्या मामींनी दिली. ही म्हणतेय नागपूरच्या आत्यांनी.’

साडूभाऊंनी घसा साफ केला. व्हीएचएसवर आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांइतका तपशील मावतो. समई पडद्याच्या कोपऱ्यात, तिच्यावरचं नाव म्हणजे दोन-तीन ठिपके. जे टेपवर उमटलंच नाही ते कोणताही फिल्टर आणू शकत नाही. हे त्यांनी अत्यंत शांतपणे, सोप्या शब्दांत समजावून सांगितलं.

‘म्हणजे दिसणार नाही?’

‘नाही दिसणार.’

‘मग इतके महिने तुम्ही पुसत काय होतात?’

मेहुणीबाई तोवर देवघरात जाऊन समईच घेऊन आल्या. समई घरातच होती, रोज लागत होती. उलटी करून, फिरवून सगळ्यांनी पाहिली. दर सणाला चिंच लावून घासलेली पितळी बैठक आरशासारखी लखलखीत होती, आणि नावाच्या जागी हाताला लागेल न लागेल असा एक वळसा तेवढा उरला होता. साडूभाऊंनी चष्मा वर केला, समई ट्यूबलाइटखाली तिरकी धरली आणि बराच वेळ निरखून म्हणाले, ‘डीनॉइज जास्त झालंय.’